जंतू आणि घड्याळ

जर्मनीच्या थुरिंगेन प्रांतात फ्रांकेनहाउझेन नावाचे एक लहानसे गाव आहे. १८८८ सालच्या मे महिन्यात तेथे एक गाय हगवणीने आजारी पडली. ती हातची जाणार असे दिसताच तिला कापण्यात आले आणि मांस गावात विकले गेले. मांस दिसायला चांगले होते. वास येत नव्हता, रंग बिघडला नव्हता. जर्मन लोकांत मांस बारीक करून, मीठमिरी लावून, कच्चेच पावाबरोबर खाण्याची चाल आहे, ती तेव्हाही होती. दोन दिवसांत गावातली पन्नासाहून अधिक माणसे ओकारी-जुलाबांनी अंथरुणाला खिळली आणि ज्याने कच्चे मांस भरपूर खाल्ले होते असा एक तरुण दगावला.

जवळच्या येना विद्यापीठात आउगुस्ट गेर्टनर नावाचे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी त्या गाईचे उरलेले मांस मिळवले, मृत तरुणाची प्लीहा मिळवली आणि दोहोंतून एकच जंतू वाढवून दाखवला. अन्नाने विषबाधा होते हे माणसाला पुरातन काळापासून ठाऊक आहे. परंतु ताटातले मांस आणि ताटावर बसलेला माणूस ह्या दोघांच्या शरीरांत एकच गुन्हेगार सापडल्याचा हा जवळजवळ पहिलाच पुरावा. त्या जंतूला आज साल्मोनेला एन्टेरिटिडिस म्हणतात. गेर्टनरांचे काम निर्दोष होते. त्यात उणे होते ते एकच: उत्तर आले तेव्हा मांस संपले होते आणि माणूस पुरला गेला होता. पुढच्या सव्वाशे वर्षांत ह्या शास्त्राने जी धडपड केली, ती मुख्यतः हे एक उणे भरून काढण्याची आहे. आज आम्हांला त्या धडपडीचा इतिहास सांगावयाचा आहे.

विषय जाहीर झाल्यावर काही मंडळींनी आम्हांला आडून विचारले, ‘‘आम्ही शाकाहारी, आम्ही ह्या व्याख्यानाला कशाला यावे?’’ त्यांच्यासाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. साल्मोनेलाच्या कुळात आज अडीच हजारांहून अधिक जाती मोजलेल्या आहेत आणि नवी जात ज्या गावी सापडेल त्या गावाचे नाव तिला देण्याचा प्रघात फार दिवस चालला. साल्मोनेला डब्लिन आहे, साल्मोनेला लंडन आहे. तशीच साल्मोनेला पूना ह्या नावाचीही एक जात आहे. हे नाव आमच्याच पुण्याचे. २०१५ साली अमेरिकेत ह्या पूनाने नऊशेंहून अधिक लोकांना आजारी पाडले आणि ते मांसातून नव्हे, तर काकडीतून! जंतूचे घर जनावराच्या आतड्यात असते. परंतु शेण, पाणी आणि माणसाचे हात ह्यांच्या वाहनांतून तो कोशिंबिरीपर्यंत सहज पोहोचतो. तेव्हा शाकाहारी मंडळींनी उठून जाण्याचे कारण नाही.

मांस प्रयोगशाळेत तपासावे ही कल्पना मात्र जंतूंच्याही आधीची आहे. डुकराच्या मांसात ट्रिकिना नावाचा एक सूक्ष्म कृमी वेटोळे घालून बसतो. १८६० साली ड्रेस्डेन येथील त्सेंकर ह्या डॉक्टराने हा कृमी माणसाचा जीव घेतो हे दाखवून दिले. १८६५ साली हेडर्सलेबेन ह्या खेड्यात तीनशेंहून अधिक लोकांना त्याची बाधा झाली आणि त्यांपैकी १०१ मेले. खेडे केवढे आणि आकडा केवढा! बर्लिनचे फिरशॉ हे थोर विकृतिशास्त्रज्ञ तेव्हा मांसतपासणी सक्तीची व्हावी म्हणून हट्टाला पेटले. ह्याच सुमारास बिस्मार्कने त्यांना द्वंद्वाचे आव्हान दिले होते आणि फिरशॉंनी ‘शस्त्र’ म्हणून दोन सॉसेजे पुढे ठेवली, एक चांगले आणि एक कृमींनी भरलेले, अशी एक कथा सांगतात. आव्हान खरे, सॉसेजांची कथा मात्र मागाहून कोणी तरी रचलेली दिसते. पण लोकांच्या मनात मांसाची धास्ती कशी बसली होती हे तिच्यावरून कळते. पुढे जर्मनीत गावोगाव दोन काचांमध्ये मांसाची चकती दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारे तपासनीस नेमले गेले. ही तपासणी काही मिनिटांची होती. इतिहासाची गंमत अशी, की मांसाची पहिली प्रयोगशाळेतील परीक्षा ही जलद परीक्षा होती! कृमी दिसत होता, म्हणून ती जलद होती.

जंतूचे तसे नाही. मांसाच्या चकतीत सूक्ष्मदर्शकाखाली हजार दांड्या दिसल्या तरी त्यांतली निरुपद्रवी कोणती आणि मारेकरी कोणती हे रूपावरून सांगता येत नाही. त्यासाठी त्यांना वेगवेगळे करून वाढवावे लागते आणि ही युक्ती रॉबर्ट कॉख ह्यांची. पातळ रश्श्यात सगळे जंतू एकमेकांत मिसळून वाढतात. तोच रस्सा थिजवला, तर एकेक जंतू जेथे पडेल तेथेच वाढतो आणि त्याची साध्या डोळ्यांना दिसणारी वसाहत होते. कॉख प्रथम जिलेटिन वापरीत. पण ते शरीराच्या उष्णतेला वितळे. त्यांच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेसे नावाचे डॉक्टर काम करीत. त्यांच्या पत्नी फॅनी ह्यांनी सुचवले, की आपण मुरंब्यांत आणि गोड पदार्थांत जे आगर घालतो ते उन्हाळ्यातही थिजलेले राहते, ते वापरून पाहा. हे आगर म्हणजे आपल्या घरी उपासाच्या किंवा लग्नकार्याच्या पंगतीत येणाऱ्या गोड वड्यांतले चायना ग्रास. फॅनीबाईंना ही पाककृती जावा बेटात राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून मिळाली होती. १८८२ सालच्या क्षयजंतूवरील निबंधात कॉखांनी आगराचा उल्लेख केला. ज्या बाईने ते सुचवले तिचा केला नाही. १८८७ साली पेट्री ह्यांनी झाकणाची काचेची तबकडी काढली. आगर आणि तबकडी, ह्या दोन वस्तू आजही जगातल्या प्रत्येक अन्नपरीक्षेच्या टेबलावर आहेत.

नावे देण्याच्या बाबतीत हे शास्त्र फारसे न्यायी नाही, हे येथे ओघाने सांगावेसे वाटते. अमेरिकेच्या शेतकी खात्यात १८८५ च्या सुमारास थिओबाल्ड स्मिथ ह्या तरुणाने डुकरांच्या पटकीचा म्हणून एक जंतू वेगळा केला. खात्याचे प्रमुख डॅनिएल साल्मन होते. नाव त्यांचे लागले आणि १९०० साली सबंध कुळच साल्मोनेला झाले. पुढे असे सिद्ध झाले, की डुकरांचा तो रोग मुळी ह्या जंतूमुळे होतच नाही. त्याला विषाणू कारण आहे. म्हणजे काम एकाचे, नाव दुसऱ्याचे आणि शोध तिसऱ्याच गोष्टीचा!

हे सर्व युरोप-अमेरिकेत चालले असता आपल्याकडे अगदीच अंधार नव्हता. १८८९ साली हिंदुस्थान सरकारने जनावरांच्या साथींच्या अभ्यासासाठी इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन केली, ती पुण्यात. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख. परंतु भयंकर साथींचे जंतू भर वस्तीत बाळगणे धोक्याचे आणि पुण्याची हवाही उष्ण, म्हणून १८९३ साली ती कुमाऊंच्या डोंगरात, सुमारे साडेसात हजार फूट उंचीवर मुक्तेश्वरला हलवण्यात आली. १८९७ साली प्लेगच्या निमित्ताने कॉख मुंबईस आले, तेव्हा ते ह्या मुक्तेश्वरलाही जाऊन आले. पुण्यात सुरू झालेल्या त्या रोपट्याचेच पुढे इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत रूपांतर झाले. ज्या बुळकांडीसाठी ते मुख्यतः लावले होते, ती बुळकांडी २०११ साली जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

जनावराच्या परीक्षेत एक मोठा लाभ असतो. जनावराच्या रक्ताला रोगाची आठवण राहते. १८९६ साली ग्रूबर आणि त्यांचा इंग्रज सहकारी डरहॅम ह्यांनी दाखवले, की आजाऱ्याच्या रक्तद्रवात त्याच रोगाचे जंतू टाकले तर ते एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात. ह्या तत्त्वावर बांधलेली गुलाबी रंगाची एक परीक्षा आमच्या गुरांच्या दवाखान्यांतून आजही चालते. गाईचा गर्भ अकाली टाकला, की तिच्या रक्तद्रवाचा एक थेंब, त्यात गुलाबी रंगवलेल्या मृत ब्रुसेला जंतूंचा एक थेंब, काडीने ढवळायचे आणि चार मिनिटे बशी हलवायची. दाणे दाणे दिसले, की संशय पक्का. १९११ च्या सुमारास इटलीतील आस्कोली ह्यांनी तर मेलेल्या जनावरासाठीही युक्ती काढली. काळपुळीने मेलेल्या गुराचे कातडे किंवा मांस पाण्यात उकळायचे, तो अर्क गाळून बारीक नळीत विशिष्ट रक्तद्रवावर अलगद सोडायचा. दोन्हींच्या सीमेवर काही मिनिटांत पांढरे कडे उमटते. जंतू मरून, मांस कुजून गेलेले असले तरी कडे उमटते. शंभर वर्षांपूर्वीची ही परीक्षा पाहिली म्हणजे ‘जलद’ हा शब्द आजच्या कारखानदारांनीच शोधला असे म्हणवत नाही.

मग मांसाचेच घोडे कोठे अडले? ह्याचे उत्तर हिशेबात आहे. काळपुळीने मेलेल्या जनावराच्या रक्तात जंतूंचा नुसता चिखल असतो. खाटकाच्या दुकानातील निरोगी जनावराच्या मांसात साल्मोनेला असलाच तर पंचवीस ग्रॅमांत एखादा असेल आणि त्याच्या भोवती दुसऱ्या निरुपद्रवी जंतूंची लाखांची जत्रा भरलेली असेल. शिवाय तो एक जंतू बर्फाने, मिठाने अर्धमेला झालेला असतो. त्याला आधी सौम्य रश्श्यात एक रात्र ठेवून जीव धरू द्यायचा. मग ज्यात इतरांचा कोंडमारा होईल आणि ह्याचे फावेल अशा दुसऱ्या रश्श्यात एक दिवस. मग आगराच्या तबकडीवर एक दिवस. संशयित वसाहत दिसली तर तिची ओळखपरेड आणखी एक-दोन दिवस. एकूण ‘नाही’ म्हणायला तीन दिवस आणि ‘आहे’ म्हणायला पाच. ही पायरी-पायरीची पद्धत ढिसाळपणाने मंद नाही. जंतूच्या वाढीच्या वेगाने मंद आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातल्या एका घरी साखरपुड्याच्या जेवणानंतर वीसेक माणसे आजारी पडली. उरलेला रस्सा आणि कोशिंबीर बरणीत भरून तपासणीला पाठवली गेली. अहवाल अकराव्या दिवशी आला: ‘नमुना खाण्यास अयोग्य.’ तोवर सगळे बरे होऊन कामाला लागले होते आणि यजमानांनी अहवाल वाचून आम्हांला विचारले, ‘‘आता न खाऊन काय करू?’’ त्या वीस जणांत एक गर्भवती होती. तिच्या जिवाचे ते अकरा दिवस कसे गेले हे ज्यांनी पाहिले त्यांना ह्या प्रश्नाचे हसू आले नाही.

तोवर मांसाचा पहारा होता तो डोळ्यांचा. १९०६ साली अप्टन सिंक्लेअर ह्यांची ‘द जंगल’ ही कादंबरी निघाली. शिकागोच्या मांसकारखान्यांची वर्णने वाचून अमेरिकेला शिसारी आली आणि त्याच वर्षीच्या ३० जून रोजी मांसतपासणीचा कायदा झाला. प्रत्येक जनावरामागे सरकारी तपासनीस उभा राहिला. तो पाही, हाताने चाचपी, हुंगे, गाठी कापून बघे. क्षयाच्या गाठी, फितीसारख्या कृमींचे फोड त्याच्या नजरेतून सुटत नसत आणि त्या काळी तेच शत्रू होते. परंतु एका गुरावरून काढलेला हात आणि सुरी तो दुसऱ्या गुराला लावी, तेव्हा जो शत्रू दिसत नव्हता त्याला तो स्वतःच पुढे पोहोचवीत होता. १९६४ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरात चारशेंहून अधिक लोकांना विषमज्वर झाला. त्याचे मूळ आर्जेंटिनातून आलेल्या मांसाच्या एका डब्यात सापडले. शिजवलेला डबा नदीच्या अशुद्ध पाण्यात गार केला होता आणि दुकानातल्या काप काढण्याच्या यंत्राने तो जंतू इतर मांसालाही वाटून दिला. डब्यावर तपासणीचा शिक्का असतोच. शिक्क्याला जंतू दिसत नाही.

ह्यानंतर जो आला तो शत्रू ह्या सर्वांहून वेगळा. ई. कोलाय हा जंतू आपल्या सर्वांच्या आतड्यांत नांदणारा, एरवी गरीब. १९८२ साली ओरेगन आणि मिशिगन ह्या अमेरिकन राज्यांत हॅम्बर्गर खाल्लेल्या काही जणांना रक्ताचे जुलाब झाले आणि त्यांच्या शौचात ई. कोलायची एक दुर्मीळ जात सापडली: ओ-१५७. कोठल्या तरी टप्प्यावर ह्या गरीब जंतूने जपानी शास्त्रज्ञ शिगा ह्यांच्या नावाने ओळखले जाणारे, आमांशाच्या जंतूचे विष उचलले होते. ते विष लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी करते. हा जंतू गुरांच्या आतड्यात राहतो आणि गुराला त्याचा काही त्रास होत नाही. तपासनिसासमोरून धडधाकट बैल जातो. कातडे सोलताना शेणाचा एक शिंतोडा मांसावर उडतो. सबंध तुकड्यावर तो वरच राहिला असता आणि विस्तवावर जळून गेला असता. पण खिमा केला, की वरचे आत जाते. आणि कारखान्यातल्या एका वडीत कितीतरी गुरांचे मांस मिसळलेले असते. रोग व्हायला शंभराहूनही कमी जंतू पुरतात.

१९९३ सालच्या जानेवारीत वॉशिंग्टन राज्यात मुलांचे रक्ताचे जुलाब घेऊन आईबाप रुग्णालयांत येऊ लागले. त्या साथीत चार राज्यांत मिळून सातशेंहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. कारण एकाच उपाहारगृहसाखळीतील अर्धवट भाजलेले हॅम्बर्गर. ह्या घटनेतला एक तपशील आम्हांला फार बोलका वाटतो. नेहमीचा ई. कोलाय सॉर्बिटॉल नावाची साखर पचवतो, ओ-१५७ ती लवकर पचवीत नाही. म्हणून तबकडीत दुधातल्या साखरेऐवजी ही साखर घातली, की गरीब ई. कोलायच्या वसाहती गुलाबी होतात आणि मारेकऱ्याच्या बिनरंगी राहतात. खर्च नगण्य. वॉशिंग्टन राज्याने १९८७ पासूनच हा रोग कळवणे सक्तीचे केले होते, डॉक्टरांना त्याची जाण होती आणि प्रयोगशाळांत ही तबकडी होती. म्हणून साथ ओळखली गेली आणि मांस परत मागवले गेले. त्याच साखळीचे तेच मांस नेवाडातही गेले होते. तेथल्या प्रयोगशाळांत ही तबकडी वापरात नव्हती. तेथे मुले आजारी पडत होती, शौचपरीक्षा होत होत्या आणि अहवाल ‘काही नाही’ असे येत होते. वॉशिंग्टनची बातमी आल्यावर मग नेवाडाला आपल्या घरची साथ कळली.

त्या चार मुलांनी अमेरिकेचे धोरण बदलले. तोवर सरकारचे म्हणणे असे होते, की कच्च्या मांसात जंतू असायचेच, शिजवणे हे गृहिणीचे काम. १९९४ साली सरकारने खिम्यातील ओ-१५७ ला भेसळ ठरवले. म्हणजे दुधात पाणी तसा खिम्यात हा जंतू. व्यापारी न्यायालयात गेले आणि हरले. भेसळ म्हटली, की ती शोधणे आले. आणि खिमा पाच दिवस ताटकळत ठेवता येत नाही. येथून जलद परीक्षांची खरी निकड उत्पन्न झाली.

त्या परीक्षांचे सुटे भाग मात्र इतरांनी इतर कामांसाठी आधीच घडवून ठेवले होते. १९७१ साली स्वीडनमध्ये एंगवाल आणि पर्लमान ह्यांनी प्रतिद्रव्याला विकर जोडून, जंतू सापडताच रंग उमटेल अशी एलायझा ही रीत काढली. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिल्स्टाइन ह्यांनी एकाच साच्यातली प्रतिद्रव्ये हवी तितकी तयार करण्याची विद्या शोधली. नॉर्वेत उगेलस्टाड ह्यांनी एकसारख्या मापाचे अतिसूक्ष्म मणी बनवले; त्यांत लोह भरून, वर प्रतिद्रव्याचा लेप दिला, की ते रश्श्यातून नेमका हवा तो जंतू पकडतात आणि बाहेरून चुंबक लावून तेवढेच मणी नळीच्या भिंतीशी ओढून घेता येतात. भाताच्या ढिगातून खडे वेचण्याऐवजी खडेच स्वतः बाजूला यावेत, तसा हा प्रकार.

आणि १९८३ साली कॅलिफोर्नियात कॅरी मलिस ह्यांना पीसीआरची कल्पना सुचली. जंतू वाढवण्यापेक्षा त्याच्या डीएनएचा एक ओळखीचा तुकडाच वाढवायचा. एकाचे दोन, दोहोंचे चार. बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याची गोष्ट श्रोत्यांना ठाऊक आहे. तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक होतात आणि एवढे व्हायला एक-दोन तास पुरतात. प्रत्येक फेरीला द्रव उकळत्याच्या जवळ न्यावा लागतो आणि साधे विकर त्यात मरते. तेव्हा यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत थॉमस ब्रॉक ह्यांना १९६६ च्या सुमारास सापडलेल्या एका जंतूचे उष्णता सोसणारे विकर कामी आले. उन्हाळ्याच्या झऱ्यात निव्वळ कुतूहलाने हात घालणाऱ्या माणसाला आपण मांसाच्या बाजाराची सोय करीत आहोत हे कसे कळावे? २०२० नंतर पीसीआर हा शब्द आणि दोन रेघांची पट्टी आमच्या खेड्यापाड्यांतही सर्वांना पाठ झाली. मांसाच्या परीक्षेत ह्याच दोन्ही वस्तू वापरतात.

परंतु जाहिरातीत ‘पंधरा मिनिटांत निकाल’ असे छापलेले असते, त्यावर आम्ही थोडे थांबू. पट्टीवर रेघ उमटायला पंधरा मिनिटे लागतात हे खरे. पण रेघ उमटण्यासाठी नमुन्याच्या एका थेंबात काही हजार ते लाख जंतू असावे लागतात आणि मांसात असतो एखादा. म्हणून आधी त्याला रश्श्यात वाढवणे सुटत नाही. वीस मिनिटांत दुप्पट ह्या वेगाने एकाचे वीस लाख व्हायला सात तास लागतात आणि तेही जंतू धडधाकट असेल तर. पीसीआरलाही ते लागते. कारण मांसातले रक्त आणि चरबी तिच्या आड येतात आणि मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा ती जिवंत म्हणून दाखवू शकते. रश्श्यात वाढला तो जिवंत, हा जुनाच कस अजून कामी येतो. सारांश, पाच दिवसांचा एक दिवस झाला आहे, कोठे आठ-दहा तास झाले आहेत. कॉखांचा रस्सा मात्र कोणालाच चुकवता आलेला नाही.

ह्या एका दिवसाचे मोल किती, ते १९९७ साली दिसले. नेब्रास्कातल्या एका कारखान्याने प्रथम वीस हजार पौंड खिमा परत मागवला. चौकशी वाढत गेली तसा तो आकडा अडीच कोटी पौंडांवर गेला. आधी माल सोडायचा आणि निकाल मागून पाहायचा, ह्या रिवाजाचे हे फळ. २०१३ पासून अमेरिकेत सरकारने नमुना घेतला, की निकाल येईपर्यंत माल दाराबाहेर काढता येत नाही. मालगाड्या उभ्या, शीतगृहे भरलेली आणि कारखानदार घड्याळाकडे पाहत बसलेला. जंतुशास्त्रज्ञाला आता कारखानदारासारखा उत्सुक शिष्य दुसरा नाही.

तरी एक दुबळेपणा कोणत्याही यंत्राने जात नाही. हजारो पौंड मांसाच्या ढिगातून साठ पातळ काप काढतात, त्यांचे वजन होते तीन-साडेतीनशे ग्रॅम. जंतू त्या साठ कापांत नसून एकसष्टाव्यात असेल, तर परीक्षा कितीही जलद आणि अचूक असो, तिचे उत्तर ‘नाही’ असेच येणार.

आणि परीक्षाच कोणी मागितली नाही तर? २०१७ आणि २०१८ ह्या दोन वर्षांत दक्षिण आफ्रिकेत लिस्टेरिया नावाच्या जंतूची साथ आली. हजाराहून अधिक रुग्ण आणि दोनशेंहून अधिक मृत्यू. त्यांत नवजात अर्भके फार. हा जंतू शीतकपाटाच्या थंडीतही वाढतो आणि गर्भवतीच्या पोटातल्या जिवावर उठतो. महिनेन्‌महिने कारण सापडेना. शेवटी एका बालवाडीतील आजारी मुलांच्या खाण्यातल्या पोलोनी ह्या स्वस्त मांसपदार्थापर्यंत माग पोहोचला आणि रुग्णांचे जंतू व कारखान्यातले जंतू ह्यांचा सबंध डीएनए अक्षर न् अक्षर वाचून जुळवण्यात आला. गेर्टनरांनी गाय आणि तरुण जुळवले, त्याचीच ही सव्वाशे वर्षांनंतरची आवृत्ती. आणि ह्याही खेपेस उत्तर आले तेव्हा माणसे पुरली गेली होती.

आता आमच्या घरची गोष्ट. निर्यातीसाठी म्हशीचे मांस बाहेर पाठवणाऱ्या कारखान्यांत ह्या सर्व परीक्षा होतात. परदेशी गिऱ्हाईक त्यावाचून माल घेत नाही. आपल्या गल्लीतल्या दुकानाची तऱ्हा वेगळी. बोकड पहाटे कापला जातो, नवाला पिशवीत पडतो आणि बाराला रस्सा उकळतो. जगातली सर्वांत जलद परीक्षाही ह्या बोकडाला गाठू शकत नाही. त्याला वाचवते ती आपली चूल. खळखळून उकळलेल्या रश्श्यात साल्मोनेला, ई. कोलाय किंवा लिस्टेरिया टिकत नाही. धोका असतो तो ज्या विळीवर मटण चिरले तिच्यावरच न धुता कांदा चिरण्यात. आमच्या त्या परिचितांच्या घरीही रस्सा निर्दोष निघाला होता. दोष कोशिंबिरीत होता.

म्हणून अलीकडे काही जाणकार म्हणतात, की मांसाच्या मागे धावण्यापेक्षा ओंडका आणि सुरा तपासावा. ह्यासाठी एक परीक्षा आहे, ती खरोखरच मिनिटाची. १९४७ साली बाल्टिमोरमध्ये मॅकेलरॉय नावाच्या शास्त्रज्ञाने गावातल्या मुलांना पैसे देऊन काजवे गोळा करवले आणि काजव्याचा प्रकाश कोणत्या द्रव्यावर चालतो ते शोधून काढले. ते द्रव्य, एटीपी, प्रत्येक सजीव पेशीत असते. आज काजव्याचेच विकर नळीत भरून ठेवतात. ओंडक्यावर कापसाचा बोळा फिरवून त्या नळीत बुडवला, की जितका मळ उरला असेल तितका उजेड पडतो आणि हातातले यंत्र तो मोजते. जंतू कोणता हे ती नळी सांगत नाही. ओंडका नीट घासला की नाही एवढे सांगते. दुकान रात्री आठाला बंद होते. त्या वेळी बोळा फिरवला, उजेड फार दिसला, तर गरम पाणी आणि सोडा घेऊन पुन्हा घासायला पहाटेपर्यंत अवकाश असतो.